केळीचा रस नितळ करण्याचे शास्त्र : खानदेशाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा हे तालुके केळीचे आगर मानले जातात. ‘जळगाव केळी’स २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तथापि केळी हे नाशवंत फळ असल्याने भाव कोसळताच पिकलेला माल वाया जातो. युगांडा व रवांडा येथे केळीच्या रसापासून घरोघरी बिअर करण्याची परंपरा आहे. तेथील विशिष्ट वाणांची पिकलेली केळी गवतासह मळली की नितळ रस सुटा होतो. आपल्याकडील ग्रँड नैन केळीचा मात्र चिकट लगदा होतो. हा लगदा नितळ कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गढूळपणाची कारणे :
बार्लीच्या बिअरमधील गढूळपणा मुख्यतः यीस्ट आणि प्रथिने-टॅनिन यांच्या संयोगातून येतो. थंड जागी स्थिर ठेवल्यास तो बराचसा तळाशी बसतो. केळीच्या रसात मुख्य अडथळा पेक्टिनचा असतो. तरंगणाऱ्या कणांतील प्रथिनांवर धन प्रभार, तर त्यांवरील पेक्टिनच्या आवरणावर ऋण प्रभार असतो. परिणामी कण परस्परांना दूर लोटतात व केवळ वाट पाहून रस निवळत नाही. अर्धवट पिकलेल्या फळातील स्टार्च हे दुसरे कारण होय.

उपाय :
पेक्टिनेज हे विकर पेक्टिनचे आवरण तोडते. मग विरुद्ध प्रभारांचे भाग एकत्र येऊन साका तळाशी बसतो. पूर्ण पिकलेली केळी घेऊन लगदा सुमारे ४५ ते ५० अंश सेल्सिअसवर ठेवावा. उकळत्या लगद्यात विकर घातल्यास ते निष्क्रिय होते. गाळलेल्या रसाच्या थोड्या नमुन्यात दुप्पट स्पिरिट मिसळावे. चिकट तंतू दिसल्यास पेक्टिन शिल्लक आहे असे समजावे. दुसऱ्या नमुन्यात आयोडीनने निळा रंग आल्यास स्टार्च उरला आहे. या दोन्ही चाचण्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहज शक्य आहेत. तपासलेले नमुने टाकून द्यावेत.

मर्यादा व निष्कर्ष :
महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. म्हणून येथील विचार रसापुरता सीमित असून रस आंबण्यापूर्वीच तापवून बाटलीबंद करणे आवश्यक ठरते. नितळता ही शुद्धतेची हमी नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. गढूळपणाचे कारण आधी ओळखावे व उपाय नंतर योजावा, हेच या विवेचनाचे सार होय.