पाहुणी माशी घरची होताना

माझ्या परसात मधमाशांच्या चार पेट्या आहेत. त्या पाहून येणारा-जाणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘मध किती मिळतो?’ मी म्हणतो, त्याआधी विचारा, आणलेली वसाहत टिकते कशी? गाईला दावं असतं, माशीला नसतं. आपल्या सह्याद्रीतली सातेरी माशी तर फार मानी. जागा पटली नाही, त्रास झाला, की भरला संसार टाकून राणीसकट उडून जाते.

आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, म्हणून ती पेटीत राहत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत, वारुळात, अंधारात एकाशेजारी एक अशी पोळी बांधते. लाकडी पेटी ही तिच्या दृष्टीनं एक ढोलीच. तेव्हा ढोलीतली शांतता तिला पेटीत मिळाली पाहिजे.

मी नवी वसाहत दसरा-दिवाळीच्या सुमारास आणतो. पाऊस सरलेला असतो, रानात फुलोरा असतो आणि माशीला बाहेर पडायला उघडीप असते. जागा आधीच तयार हवी. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली आणि वाऱ्याला आडोसा. पेटी घोडीवर ठेवायची आणि घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जवळच एका पसरट भांड्यात पाणी आणि त्यात चार खडे टाकावेत. माशी खड्यावर बसून पाणी पिते, बुडत नाही.

पेटी आणायची ती रात्री. तिन्हीसांजेला चरायला गेलेल्या माशा घरी परततात, मग दाराला जाळी लावायची. गाडीत हिसके बसू द्यायचे नाहीत. मुक्कामी पोहोचल्यावर पेटी थोडा वेळ स्थिरावू द्यावी आणि मगच जाळी काढावी. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मजा दिसते. माशा दारातून निघतात, वळतात आणि पेटीकडे तोंड करून हवेत झुलतात. मग हळूहळू मोठ्या फेऱ्या घेतात. नव्या घराचा पत्ता त्या पाठ करत असतात. तो पाठ झाल्यावर आपल्या सोयीसाठी पेटी दहा पावलं सरकवली, तर चरून आलेल्या माशा जुन्याच जागी घिरट्या घालत राहतात.

यानंतर सगळ्यात कठीण काम असतं, ते म्हणजे काहीच न करणं. आठवडाभर मी झाकण उघडत नाही. दारापाशी बसून नुसतं पाहतो. माशांच्या मागच्या पायांवर पिवळे-केशरी परागांचे गोळे दिसू लागले, की जीव भांड्यात पडतो. पराग हा मुख्यतः पिल्लांसाठीचा आहार. तो येतोय याचा अर्थ बहुधा राणी सुखरूप आहे आणि घरात पाळणा हलला आहे. आठवड्यानंतर थोडा धूर देऊन एखादी चौकट उचलायची. घरांच्या तळाशी बारीक पांढरी अंडी दिसली, की झाकण पुन्हा लावून टाकायचं.

फुलोरा कमी असेल तर साखर-पाणी द्यावं, पण तिन्हीसांजेला आणि पेटीच्या आतच. बाहेर थेंब सांडले तर शेजारच्या सबळ पेटीतल्या माशा वास काढत येतात आणि नव्या घराची लूट होते.

नव्या पाहुण्यांबरोबर आजारही येऊ शकतो. १९९१-९२च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूनं सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. यात अळी पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. त्यावर खात्रीचं औषध नाही. म्हणून नवी पेटी मी जुन्यांपासून दूर ठेवतो, आणि एका पेटीतली पोळी दुसरीत घालत नाही.

आलेली वसाहत निरोगी असून तिची राणीच हरवली असेल, तर तिला राणी असलेल्या दुसऱ्या वसाहतीत मिसळतात. पण प्रत्येक घराचा वास वेगळा असतो. एकदम एकत्र केल्या तर माशा एकमेकींना मारतात. इथं वर्तमानपत्र कामी येतं! एका वसाहतीवर दुसरी ठेवायची आणि मध्ये कागदाचं एक पान, टाचणीनं दोन-चार भोकं पाडलेलं. माशा दोन्हीकडून कागद कुरतडतात. तोवर वास मिसळतात आणि भांडण मिटतं.

शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवावं. फवारणी करायचीच असेल तर फुलांवर नको, आणि माशा घरी परतल्यावर करा, एवढी विनंती पुरते.

शिकायचं असेल तर पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर तर २०२२मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथं घरोघरी पेट्या पाहायला मिळतात.

आणि मध किती? पहिल्या वर्षी मी नव्या पेटीतला मध काढत नाही. पावसाच्या झडीत माशीला बाहेर पडता येत नाही, तेव्हा साठवलेला मध हीच तिची शिदोरी. ती खाऊन वसाहत पुढच्या दसऱ्याला दारात घुमताना दिसली, की समजावं, पाहुणी घरची झाली.