अर्ध्या ताऱ्याची किंमत

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रात्री कुठे जेवायचे हे ठरवताना अनेक जण ‘येल्प’ उघडतात. जेवून गेलेल्यांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी तिथे प्रत्येक हॉटेलच्या नावापुढे दिसते. येल्प ही सरासरी जवळच्या अर्ध्या ताऱ्यावर आणून दाखवत असे. त्यामुळे खरी सरासरी ३.२४ असलेल्या हॉटेलला तीन तारे मिळत आणि ३.२६ असलेल्याला साडेतीन. दोघांच्या स्वयंपाकात, वाढपात, दरात काडीचा फरक नसला तरी पडद्यावर अर्ध्या ताऱ्याचे अंतर पडे.

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ मायकेल अँडरसन आणि जेरेमी मॅग्रुडर यांनी नेमकी ही जागा हेरली. एरवी ताऱ्यांचा परिणाम मोजणे फार अवघड असते. चांगल्या हॉटेलला तारेही जास्त आणि गर्दीही जास्त. मग गर्दी ताऱ्यांनी आणली की हाताच्या चवीने, हे कसे सांगणार? पण ३.२४ आणि ३.२६ वाल्यांची चव सारखीच धरता येते. त्यांच्या गर्दीत जो फरक दिसेल तो ताऱ्याचाच. दोघांनी शहरातल्या तीनशेहून अधिक हॉटेलांची टेबल-आरक्षणे तपासली आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. अर्धा तारा वाढला की सगळी टेबले भरून जाण्याचे प्रमाण टक्केवारीत १९ अंकांनी वाढते, म्हणजे जवळपास दीडपट होते. ज्या हॉटेलांची माहिती मिळवायला दुसरे साधन नव्हते, त्यांच्याबाबत हा परिणाम आणखी मोठा होता.

छोट्या धंद्यासाठी या संशोधनातले सर्वांत मोलाचे वाक्य हे शेवटचे आहे.

ते का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. विकणाऱ्याला माल कसा आहे ते माहीत असते, घेणाऱ्याला नसते. ही दरी बुजली नाही, तर चांगला माल विकणाऱ्यालाही चांगला भाव मिळत नाही आणि तो हळूहळू बाजारातून उठतो. मोठ्या कंपन्या ही दरी नावाच्या जोरावर बुजवतात. साखळी हॉटेलातला बर्गर दादरला जसा, तसाच नागपूरला, हे गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असते. गावातल्या खानावळीचे नाव गावात कानोकानी होते. पण पहिल्यांदाच तारकर्लीला निघालेल्या पुण्यातल्या कुटुंबापर्यंत ते कसे पोहोचणार? तिथल्या घरगुती निवासात खोल्या स्वच्छ आहेत का, माशांचे जेवण ताजे असते का, हे त्यांना सांगायला ओळखीचे कोणीच नसते. तिथे अनोळखी माणसांनी लिहिलेल्या चार ओळी आणि त्यांनी दिलेले तारे कामाला येतात.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी हे पैशांत मोजले. सिएटल शहरातल्या हॉटेलांची उलाढाल त्यांनी वॉशिंग्टन राज्याच्या महसूल खात्याच्या नोंदींवरून घेतली आणि ती येल्पच्या ताऱ्यांशी ताडून पाहिली. २०११ च्या या अभ्यासात एका ताऱ्याच्या वाढीने उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढलेले दिसले. ही वाढ स्वतंत्र मालकीच्या हॉटेलांची होती. साखळी हॉटेलांवर ताऱ्यांचा काहीच परिणाम आढळला नाही. उलट येल्पचा वापर जसजसा वाढला तसतसा बाजारातला साखळी हॉटेलांचा वाटा घटत गेला. ऑनलाइन जग मोठ्यांचेच, तिथे आपला निभाव कसा लागणार, असे म्हणणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. निदान या एका बाबतीत तरी माप छोट्याच्या पारड्यात पडले आहे.

महाराष्ट्रात येल्पचे हे काम गुगल मॅप्स करते. ‘जवळची खानावळ’ असे शोधल्यावर कोण वर दिसेल, याचे तीन निकष गुगल उघडपणे सांगते: शोधलेल्या शब्दांशी धंद्याचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि धंद्याची प्रसिद्धी. या प्रसिद्धीत अभिप्रायांची संख्या आणि तारे धरले जातात. या यादीत वर येण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. जाहिरात म्हणून जे दिसते ते वेगळे. अंतर दुकानदाराच्या हातात नसते, पण बाकी दोन गोष्टी बऱ्याच अंशी असतात. फोन नंबर जुना, सुट्टीचा वार चुकीचा, नकाशावरची खूण दोन गल्ल्या पलीकडे, ही अवस्था आजही असंख्य दुकानांची आहे. हे सगळे दुरुस्त करायला एक दुपार पुरते आणि खर्च शून्य.

तारे वाचण्यात मात्र गणित आहे. एका खानावळीला पाच अभिप्राय आहेत आणि पाचही चांगले. दुसरीला अठ्ठेचाळीस आहेत, त्यातले शेहेचाळीस चांगले आणि दोन वाईट. पहिलीचे गुण शंभर टक्के, दुसरीचे शहाण्णवच्या आसपास. तरी जाणता माणूस दुसरीत शिरेल, आणि तो बरोबर असेल. फ्रेंच गणिती लाप्लास याने अठराव्या शतकात यासाठी एक सोपा नियम दिला: मोजण्याआधी प्रत्येकाच्या खात्यात एक काल्पनिक चांगला आणि एक काल्पनिक वाईट अनुभव जमा करायचा. मग पहिलीचे होतात सातपैकी सहा, म्हणजे सुमारे ८६ टक्के. दुसरीचे होतात पन्नासपैकी सत्तेचाळीस, म्हणजे ९४ टक्के. पुरावा थोडा असेल तर विश्वासही बेताचाच ठेवायचा, एवढाच त्याचा अर्थ. सर्वोत्तम चित्रपटांची यादी करताना आयएमडीबीही साधी सरासरी न घेता भारित सरासरी घेते, त्यामागे हाच विचार आहे.

हेच गणित दुकानदाराला आधारही देते. नऊ जणांनी पाच तारे दिले आणि दहाव्याने रागाने एक दिला, तर सरासरी पाचावरून ४.६ वर घसरते. ती ४.८ वर आणायची तर लागोपाठ दहा जणांचे पाच-पाच तारे लागतात. तोच एक तारा शंभरावा असेल तर सरासरी ४.९६ राहते. वाईट दिवस प्रत्येक धंद्यात येतो. गॅस संपतो, आचारी गावाला जातो, वीज जाते. अशा दिवशी जुने अभिप्रायच धंद्याला तारतात.

मग हे अभिप्राय येणार कुठून? आपणहून लिहिणारे दोनच प्रकारचे असतात, फार खूश झालेले आणि फार चिडलेले. मधले, म्हणजे ‘जेवण छान होते, परत येऊ’ असे मनात म्हणून निघून जाणारे, काहीच लिहीत नाहीत. नान हू, पॉल पावलू आणि जी झांग या संशोधकांनी हे दाखवून दिले. अॅमेझॉनवरच्या ताऱ्यांचा आलेख काढला तर पाचच्या बाजूला उंच कळस, एकच्या बाजूला छोटा उंचवटा आणि मध्ये खोलगट भाग दिसतो. पण एका संगीताच्या सीडीबद्दल त्यांनी विद्यार्थ्यांच्या गटातल्या सगळ्यांनाच मत द्यायला सांगितले, तेव्हा बहुतेक मते मधोमध आली. म्हणजे पडद्यावर दिसणारे तारे हे गिऱ्हाइकांचे मत नसते, लिहिणाऱ्या गिऱ्हाइकांचे मत असते.

यातून धंद्यासाठी निघणारा सल्ला सरळ आहे: सगळ्यांना विचारा. यूपीआयने पैसे देताना गिऱ्हाइकाचा फोन हातातच असतो. गल्ल्यावर पैसे भरण्याच्या क्यूआर कोडशेजारी अभिप्रायाचा दुसरा कोड ठेवावा आणि तोंडाने एकदा म्हणावे, “जमलं तर दोन ओळी लिहा.” नुसती पाटी लोक टाळतात, माणसाने केलेली विनंती सहसा टाळत नाहीत. पण हसऱ्या चेहऱ्याच्या गिऱ्हाइकालाच विचारायचे आणि कुरकुर करणाऱ्याला सोडायचे, हे गुगलच्या नियमांत बसत नाही. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा फुकट गुलाबजाम देणेही बसत नाही. येल्पचे धोरण तर आणखी कडक, तिथे धंद्याने अभिप्राय मागूच नये अशी अपेक्षा असते.

सगळ्यांना विचारले तर काही जण तीन तारे देतील, याची धास्ती बाळगायचे कारण नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राने २०१७ मध्ये ऑनलाइन विक्रीची आकडेवारी तपासली. खरेदीची शक्यता सर्वांत जास्त होती ती चार ते ४.७ ताऱ्यांच्या दरम्यान. पाचाकडे सरकताना ती कमी होत गेली. सगळेच गोड दिसले की माणसाला संशय येतो.

तो संशय निराधार नाही. लंडनमध्ये २०१७ साली ऊबा बटलर या लेखकाने आपल्या घरामागच्या शेडला ‘द शेड अॅट डलविच’ असे हॉटेलचे नाव दिले आणि मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले. काही महिन्यांत हे अस्तित्वातच नसलेले हॉटेल ट्रिपअॅडव्हायझर या अभिप्रायांच्या संकेतस्थळाच्या यादीत लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. बटलर यांनी पुढे सगळे स्वतःच उघड केले. खोटे लिहवून घेणारे सगळे असे सांगून टाकत नाहीत. मायकेल लुका आणि जॉर्जिओस झर्वास यांनी बोस्टनमधल्या हॉटेलांचे अभिप्राय पाहिले, तेव्हा येल्पने संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले अभिप्राय सुमारे १६ टक्के निघाले. ज्यांचे नाव अजून झालेले नाही किंवा नुकतेच खराब झाले आहे, ती हॉटेले या मार्गाला अधिक लागतात, असेही दिसले.

नव्या दुकानदाराला याच वेळी फोन येतो: “पन्नास फाइव्ह स्टार रिव्ह्यू देतो, एवढे एवढे पैसे.” हा सौदा नाकारायला नीतीचे कारण पुरेसे आहेच, शिवाय हिशेबाचेही आहे. खोटे अभिप्राय विकत घेणाऱ्या अॅमेझॉनवरच्या विक्रेत्यांचा माग शेरी ही, ब्रेट हॉलेनबेक आणि डेव्हिड प्रोसेर्पिओ यांनी काढला. तारे आणि विक्री दोन्ही वाढले, पण काही आठवड्यांपुरतेच. खरेदी थांबताच तारे घसरले आणि एक-तारा अभिप्रायांचा मारा सुरू झाला, कारण फसलेले गिऱ्हाईक आता लिहू लागले होते. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्राय गोळा करणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, हा त्याचा मोठा दुबळेपणा आहे आणि तो दूर व्हायला हवा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर थेट बंदी घातली.

वाईट अभिप्राय आला तर काय करावे? बहुतेक मालक दोन चुकांपैकी एक करतात, गप्प बसतात किंवा भांडतात. प्रोसेर्पिओ आणि झर्वास यांनी ट्रिपअॅडव्हायझरवरच्या निवासी हॉटेलांचा अभ्यास केला. ज्यांनी उत्तरे द्यायला सुरुवात केली त्यांच्याकडे येणारे अभिप्राय १२ टक्क्यांनी वाढले आणि सरासरी ०.१२ ताऱ्यांनी वर गेली. ०.१२ हा आकडा किरकोळ वाटेल, पण जिथे अर्ध्या ताऱ्याची पायरी असते तिथे तेवढाही ओलांडायला पुरतो. मालक उत्तर देतो हे दिसले की उगाच वाईट लिहिणारे आखडतात. तक्रारी संख्येने घटतात, पण ज्या येतात त्या सविस्तर येतात, असेही या दोघांना आढळले.

उत्तर कसे असावे, याचा एक नमुना पाहा. “रविवारी दीडनंतर तांदळाच्या भाकऱ्या संपल्या आणि तुम्हाला चपातीवर भागवावे लागले, हे खरे आहे. आता रविवारी भाकऱ्यांना आणखी एक बाई येते. पुन्हा आलात तर मला जरूर भेटा.” यात माफीचे तयार छापील वाक्य नाही. काय चुकले, काय बदलले, एवढेच आहे. हे उत्तर तक्रार करणारा वाचेल न वाचेल. पुढच्या महिन्यात त्या गावी येणारे शंभर जण वाचतील.

जाहिरातीवर पैसे घालण्याचा प्रश्न उरतो. ई-बे कंपनीने स्वतःच्या नावाने होणाऱ्या शोधांवरची जाहिरात २०१२ मध्ये काही काळ थांबवून पाहिली. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी या प्रयोगाचे विश्लेषण केले. जाहिरातीवरून येणारी जवळपास सगळी माणसे खालच्या फुकट दुव्यावरून आली, ९९.५ टक्के. नाव माहीत असलेला माणूस तसाही येणारच होता. इतर शब्दांच्या शोधांवरच्या जाहिरातीचा उपयोग झाला तो ई-बेची नीट ओळख नसलेल्या नव्या किंवा क्वचित खरेदी करणाऱ्यांवर. म्हणून लहान दुकानाने आपल्या नावाच्या शोधावर पैसे जाळू नयेत. ‘मालवण घरगुती जेवण’ असे शोधणाऱ्या, दुकानाचे नावच न ऐकलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी थोडे खर्चावेत. पण तो येऊन पाहील तेव्हा पानावर चार खरे अभिप्राय आणि ताजे फोटो हवेत. ते नसतील तर जाहिरात केवळ रिकाम्या पानाकडे बोट दाखवते.

हे वाचणारे बहुतेक जण दुकानदार नाहीत, गिऱ्हाईक आहेत, आणि आलेखातल्या त्या खोलगट मधल्या भागातले आहेत. गेल्या महिन्यात ज्या खानावळीत पोटभर जेवलात, ज्या शिंप्याने वेळेत ब्लाउज शिवून दिला, ज्या सायकलवाल्याने पंक्चर नीट काढले, त्यांच्या पानावर आज दोन ओळी लिहा. काय घेतले, कधी घेतले, काय आवडले आणि काय कमी पडले, एवढे खरे खरे लिहिले तरी पुष्कळ आहे.