अंड्यांचे ट्रे काढा, टेबल हलवा

रायपूरच्या तात्यापाऱ्यात एका जुन्या घराच्या माडीवर परवाच्या मे महिन्यात जाणं झालं. नात्यातला एक पोरगा तिथे गाणी करतो. छत्तीसगढी अल्बम, नवरात्र जवळ आली की जसगीतं, गणपतीच्या आधी मंडळातल्या कुणाची एखादी मराठी आरती. तक्रार एकच होती. "काका, इथे ऐकलं की सगळं बरोबर वाटतं. गाडीत लावलं की नुसता बास धडधडतो. नवे स्पीकर घेऊ का?"

खोली दहा बाय दहा. अडीच फूट रुंदीचं ऑफिसचं टेबल खिडकीच्या कोपऱ्यात, कारण प्लग तिथेच. वायरी जाव्यात म्हणून मागे फूटभर जागा सोडलेली. एक स्पीकर भिंतींच्या कोनात ठासलेला, दुसऱ्याच्या बाजूला सताड मोकळी खोली. भिंतीभर अंड्यांचे ट्रे. खिडकीत कूलर घरघरत होता. मी टेप मागितली. समोरच्या भिंतीपासून त्याच्या कानापर्यंतचं अंतर भरलं बरोबर पाच फूट.

टेबल कुठेही ठेवा, आवाज काय स्पीकरमधूनच येतो, हा पहिला गैरसमज. आणि माझ्या मते सगळ्यात महागडाही तोच. लहान खोलीत खालच्या पट्टीतला आवाज दोन भिंतींमध्ये येरझारा घालतो आणि काही ठरावीक कंपनांवर तिथे मुक्काम ठोकतो. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. या हिशेबाने त्या खोलीचा पहिला मुक्काम ५६ हर्ट्झला पडतो. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे हा त्याच्याही खालचा. गंमत अशी, की ५६ हर्ट्झचा आवाज भिंतींपाशी फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. टेबल कोपऱ्यात असलं, तरी समोरच्या आणि मागच्या भिंतींच्या मधोमधच बसून हा बिचारा मिक्स करत होता. ऐकू येत नाही म्हणून बास वाढवत होता, आणि तो वाढवलेला बास गाडीत बाहेर पडत होता. खोली चौकोनी असल्यामुळे लांबीची आणि रुंदीची दोन्ही कंपनं एकाच आकड्यावर येतात, त्यामुळे दुखणं दुप्पट. नवे स्पीकर आणले असते तरी तो खड्डा तिथेच राहिला असता.

त्या खड्ड्यावरचा उपाय फुकटात झाला. भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर कान आणायचे, असा एक ठोकताळा आहे. दहा फुटांच्या खोलीत ते तीन फूट दहा इंच होतात. ठोकताळाच तो, ब्रह्मवाक्य नव्हे. तिथून चार-सहा इंच पुढे-मागे सरकून ओळखीचं गाणं ऐकायचं. टेबल कोपऱ्यातून काढून भिंतीच्या मधोमध आणलं, डावीकडे-उजवीकडे सारखी जागा सोडली. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण केला, बाजू तीन फुटांच्या जरा वर. खोली लांबट असेल तर आखूड भिंतीकडे तोंड करून बसावं, म्हणजे पाठीमागची भिंत लांब जाते.

"मोठं टेबल म्हणजे प्रोफेशनल" हेही डोक्यातून काढायला हवं. मोठ्या स्टुडिओंतले अजस्र कन्सोल फोटोत बघून लोक सुताराकडून सहा फुटी सनमायका लावलेलं टेबल करून घेतात आणि त्यावर स्पीकर मांडतात. स्पीकरचा आवाज एकदा सरळ कानात येतो आणि एकदा टेबलावर आपटून. त्या माडीवरच्या मापांनी आपटलेला आवाज साधारण २७ सेंटिमीटर जास्त चालून येत होता. तेवढ्या उशिराने सहाशे-साडेसहाशे हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना खातात. गायकाच्या स्वरांचा आणि पेटीचा भरणा नेमका याच भागात असतो. खातरी करायची तर घरातला हातआरसा टेबलावर पालथा न ठेवता सुलटा ठेवा आणि खुर्चीत बसून बघा. आरशात स्पीकरचा छोटा पडदा, म्हणजे ट्वीटर, दिसला की आवाज तिथूनच उडतोय. आरसा बाजूच्या भिंतींवर फिरवा. ट्वीटर दिसेल तिथे खूण करा. शोषक पॅनेल आधी तिथे लागतं.

आम्ही दीड फूट रुंदीची फळी टेबल म्हणून लावली आणि स्पीकर तिच्यामागे स्टँडवर नेले, ट्वीटर कानाच्या उंचीला. खुर्चीत बसल्यावर ही उंची चार फुटांच्या आसपास येते. खुर्चीच हवी असं मात्र कुणी सांगितलंय? खैरागढच्या संगीत विद्यापीठातून शिकून आलेली मंडळी इथे गाण्याला येतात; तबला, पेटी, तंबोरा सगळं गादीवर. चाल लावणारा माणूस बैठकीतच रमत असेल तर बैठं मेज करा आणि स्पीकर अडीच फूट उंचीवर आणा. त्रिकोण तोच राहतो.

आडवे ठेवलेले स्पीकर हीदेखील फोटोतून आलेली फॅशन. यामाहाचा १९७८ सालचा पांढऱ्या पडद्याचा एनएस-१० जगभर कन्सोलवर आडवा ठेवला गेला, म्हणून आपणही ठेवतो. दोन पडद्यांचा साधा स्पीकर उभाच ठेवावा. आडवा केला तर डोकं जरा डावी-उजवीकडे हललं की दोन पडद्यांपासूनची अंतरं बदलतात आणि आवाजही बदलतो. स्पीकर भिंतीपासून जितका दूर तितका चांगला, हेही लहान खोलीत खरं नाही. मीटरभर दूर नेला तर मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो. त्यापेक्षा भिंतीजवळ ठेवून स्पीकरमागचं बास कमी करायचं बटण वापरलेलं परवडतं.

आता अंड्यांचे ट्रे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ते लावतात. आवाज त्यांना जुमानत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट नसलेलं दार लागतं. आकाशवाणीच्या स्टुडिओत गेलेल्यांना दोन जड दारांमधली ती चिंचोळी जागा आठवत असेल. शेजारच्या घरापर्यंत ढोलक पोचू द्यायचा नसेल तर काम त्या जातीचं आहे. खोलीतला घुमारा कमी करणं ही वेगळी गोष्ट. तिथेही ट्रे किंवा पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज पितात. मग खोली बधिर होते आणि बास तसाच घुमत राहतो. चार इंच जाडीचं रॉकवूल लाकडी चौकटीत बसवून, वर कापड ताणून कोपऱ्यांत आणि आरशाने दाखवलेल्या जागी लावा. कागदी ट्रे गरम उपकरणांच्या आणि वायरींच्या जाळ्यात पेटायलाही सोपे, हे आणखी एक.

रायपूरचा खास शत्रू कूलर. पारा ४४-४५ अंशांवर गेल्यावर तो बंद ठेवा म्हणणारा माणूस इथला नसणार. पण घरघर सॉफ्टवेअरने काढता येते, हा भरवसा फोल आहे. घरघरीबरोबर आवाजातली हवाही निघून जाते. माईकला पाठ असते. साध्या कार्डिऑइड माईकला मागून सगळ्यात कमी ऐकू येतं, तर ती पाठ खिडकीकडे करा आणि टेक चालू असताना पाच मिनिटं घाम गाळा. कूलरची ओल कंडेन्सर माईकला सोसत नाही. काम झालं की तो सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात गेला पाहिजे. मुळात अशा खोलीत कंडेन्सरच हवा हा हट्टही सोडण्यासारखा आहे. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' (१९८२) ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीनने शुअरच्या एसएम-७ वर गाऊन घेतला, आणि तो डायनॅमिक माईक आहे.

सतत गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे बहाद्दर मी पाहिलेत. ती पिन जिवासाठी असते. सगळं सामान एकाच बोर्डावर घ्या, बॅलन्स्ड केबल वापरा, विजेच्या वायरी आणि सिग्नलच्या वायरी शेजारी-शेजारी न नेता काटकोनात ओलांडा. जुन्या घरात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात वाळतो. त्यात बादलीभर पाणी ओतायची आपल्या आजोबांची सवय शास्त्राला धरूनच होती.

माडीवर स्पीकर जुनेच राहिले. खर्च झाला तो सुताराचा आणि रॉकवूलचा. तुम्हीही नव्या स्पीकरची ऑर्डर देण्याआधी टेप घ्या आणि समोरच्या भिंतीपासून कानापर्यंत मोजा. खोली दहा फुटांची आणि माप पाच फूट भरलं, तर ऑर्डर थांबवा.