‘उच्च-एंट्रॉपी’ मिश्रधातू आणि पाण्याचे विद्युत्-विच्छेदन

‘उच्च-एंट्रॉपी मिश्रधातू’ ही संज्ञा २००४ साली तैवानमधील जिएन-वेई येह व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रायन कँटर व सहकाऱ्यांनी क्रोमियम, मँगॅनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल यांचा समप्रमाण मिश्रधातू स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. पाण्यापासून हायड्रोजन मिळविण्यासाठी स्वस्त उत्प्रेरक म्हणून या वर्गाकडे आज मोठ्या अपेक्षेने पाहिले जाते. परंतु ही संज्ञा जे सुचविते आणि विद्युत्-अग्रावर जे घडते, त्यांत बरेच अंतर आहे.

जुन्या मिश्रधातूंची घडण तत्पुरुष समासासारखी असते. पितळेत तांबे प्रधान, जस्त गौण. पोलादात लोह प्रधान. येह यांच्या व्याख्येनुसार मात्र पाच किंवा अधिक मूलद्रव्ये असावयास हवीत व प्रत्येकाचे प्रमाण शेकडा ५ ते ३५ अणू असावे. हा द्वंद्वच होय. येथे सर्व पदे प्रधान. (आपल्याकडील मूर्तींच्या पंचधातूत नावापुरते पाच धातू असले तरी प्राधान्य तांब्याचेच, तो या वर्गात बसत नाही.)

‘एंट्रॉपी’ हा शब्द क्लाउझिउस यांनी १८६५ साली ‘परिवर्तन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, ‘एनर्जी’शी हेतुतः ध्वनिसाम्य राखून घडविला. मराठीत त्यासाठी ‘अव्यवस्था’ म्हणण्याची सवय आहे, ती येथे फारशी उपयोगाची नाही. प्रस्तुत अर्थ मोजदादीचा आहे: स्फटिकाच्या जागांवर निरनिराळे अणू किती प्रकारांनी मांडता येतील? पाच मूलद्रव्ये समप्रमाणात घेतल्यास या मांडणीची एंट्रॉपी वायुस्थिरांकाच्या १.६१ पट, म्हणजे मोलमागे व केल्व्हिनमागे सुमारे १३.४ ज्यूल भरते. उच्च तापमानास ती एकजीव मिश्रणास अनुकूल ठरते. तथापि केवळ तिच्या बळावर सर्व काही साधत नाही. कँटर यांनी वीस मूलद्रव्ये समप्रमाणात वितळवून पाहिली होती. हाती आला तो ठिसूळ, अनेक प्रावस्थांचा गोळा.

आता पाण्याकडे वळू. त्याचे विच्छेदन १८०० साली लंडनमध्ये निकल्सन व कार्लाइल यांनी केले. २५ अंश सेल्सियसला सिद्धांततः १.२३ व्होल्ट दाब पुरेसा असतो; व्यवहारात तो अधिक लागतो, आणि हा जादा खर्च मुख्यतः धनाग्रावर होतो. ऑक्सिजनचा एक रेणू मुक्त होण्यास चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढून घ्यावे लागतात. मधल्या अवस्थांतील कण पृष्ठभागास चिकटण्याची बळे परस्परांशी बांधलेली असतात. एक सैल केले की दुसरेही सैल होते. शुद्ध धातूच्या सपाट पृष्ठावर सर्व जागा जवळपास सारख्या, म्हणून ही अडचण सुटत नाही. बहुधातू पृष्ठावर प्रत्येक अणूचे शेजारी निराळे असतात, त्यामुळे चिकटण्याच्या बळांचा मोठा पट्टा मिळतो व त्यात काही जागा अनुकूल निघण्याचा संभव असतो. या मिश्रधातूंचे खरे आकर्षण हे आहे. त्याचे कारण शेजाऱ्यांची विविधता हे होय; एंट्रॉपीचा त्यात वाटा आहे तो ते मिश्रण टिकविण्यापुरता.

आणि ते टिकते का? अल्कधर्मी द्रावात, ऑक्सिजन निघू लागताच, अशा मिश्रधातूचा पृष्ठभाग ऑक्सिहायड्रॉक्साइडाच्या थराने झाकला जातो. क्रोमियम क्रोमेटरूपाने विरघळून जाऊ शकते. अशा वेळी द्वंद्वातील काही पदे गळतात आणि निकेल-लोहाची जुनीच जोडी काम करीत राहण्याचा संभव असतो. निकेल ऑक्साइडात लोहाचा अल्प अंश शिरला तरी ऑक्सिजननिर्मिती लक्षणीय सुलभ होते, हे कॉरिगन यांनी १९८७ साली दाखविले होते. तेव्हा पाच धातूंच्या उत्प्रेरकाचा पराक्रम सांगताना त्याची तुलना साध्या निकेल-लोहाशी झालीच पाहिजे. पुष्कळ निबंधांत ती दुर्मिळ इरिडियमच्या ऑक्साइडाशी केलेली आढळते. ही तुलना दिपविणारी असली तरी गैरलागू आहे. इरिडियमची निकड आम्लधर्मी, पटलयुक्त विच्छेदकात आहे. तेथे लोह, कोबाल्ट, निकेल हे धनाग्रावर विरघळतात. अल्कधर्मी विच्छेदकात निकेलच पूर्वापार वापरात आहे. कोबाल्ट तर त्याहून महाग. म्हणजे ‘स्वस्त’ हे विशेषणही कोणाच्या तुलनेत, हे सांगावयास हवे.

म्हणून अशा प्रयोगात द्रावात किती धातू उतरला याचे मापन, विच्छेदनानंतरच्या पृष्ठाचे पृथक्करण आणि शेकडो तासांची चाचणी ही आवश्यक होत. द्रावाच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडातील लोहाची अशुद्धीही आधी काढून टाकावयास हवी. अन्यथा नवव्या-दहाव्या धातूच्या नावे जमा झालेले श्रेय वस्तुतः बाटलीतील लोहाचे असावयाचे.