डेलियाचे बी आणि मधमाशीची पसंती

बागेची हौस असलेली मंडळी डेलियाचा कंद लावतात आणि थाळीएवढे फूल शेजाऱ्यांस कौतुकाने दाखवितात. रीत सोपी खरी. पण आमची शिफारस बियांची आहे.

डेलिया मूळचा मेक्सिकोचा. १७८९ साली तो माद्रिदच्या वनस्पती-उद्यानात पोहोचला व १७९१ साली कावानिलेस यांनी स्वीडनच्या दाल या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव त्यास दिले. १९६३ साली मेक्सिकोने त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

कंदापासून आलेले झाड मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असते. बियांचे तसे नाही. अनेक वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियात आठ. म्हणून एकाच फुलाच्या बियांतून दहा रोपे दहा तऱ्हेची निघतात. गाणे शिकविणाऱ्यास यात नवल नाही. बंदिश तीच, ताल तोच, पण दहा गळ्यांतून ती दहा रंगांनी येते.

आता मधमाशीविषयी. ज्यास आपण डेलियाचे एक फूल म्हणतो तो सूर्यफुलाप्रमाणे लहान फुलांचा समूह असतो. पराग व मध मधल्या पिवळ्या चकतीत. बक्षिसाच्या भरगच्च फुलांत ही चकती पाकळ्यांत दडते किंवा तिच्या पाकळ्याच होतात. बिचारी माशी घिरट्या घालून रिकामी परतते. एकेरी फुलावर मात्र सातेरी आणि फुलोरी माश्यांना उघडे ताट मिळते. शिवाय डेलिया स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही. तेव्हा बी हवे, तर माशी हवी.

आपल्या बडोद्याकडे आश्विनात, पाऊस ओसरल्यावर, पसरट कुंडीत माती, रेती व कुजलेले शेणखत समभाग घालून बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. खरी पाने चार झाली, की रोपे वेगळी करावीत. पानांच्या तीन-चार जोड्या आल्यावर शेंडा खुडावा. पौष-माघात फुले येतात. कळ्या धरल्यावर कीटकनाशक मारू नये. मावा पाण्याने धुवून काढावा.

फुले आली, की साधी उपटावी आणि भरगच्च राखावी, असा मोह होतो. येथे हात आवरावा. गायनाच्या वर्गातही स्पर्धेत चमकणारी मुले थोडीच असतात. बाकीच्यांस घरी पाठवावे काय? आमच्या अंगणातल्या आठ पाकळ्यांच्या एका किरमिजी फुलास पाहुण्यांनी कधी वाखाणले नाही, पण माश्यांची गर्दी त्याच्यावरच असे. उन्हाळ्यापूर्वी झाड वाळताच त्याचा कंद खणून आम्ही कोरड्या रेतीत ठेवला आणि बोंडांतले काळे बी कागदाच्या पुडीत बांधले. वाचकांनीही दोन-चार फुले न खुडता झाडावरच वाळू द्यावीत. पुढच्या आश्विनाची सोय तिथेच होते.