दीर्घ पदयात्रेत टाइप-१ मधुमेहींनी कीटोनवरही लक्ष ठेवणे आवश्यक

पनागर (जबलपूर) : जबलपूर ते पनागर हे सुमारे १६ किलोमीटरचे अंतर पायी कापण्यास तीन ते चार तास लागतात. नर्मदा परिक्रमा किंवा पंढरीची वारी करणारे पदयात्री अनेकदा दिवसाला एवढे चालतात. टाइप-१ मधुमेह असलेल्यांनी अशा वेळी केवळ रक्तशर्करा मोजणे पुरेसे नसते.

साखर अपुरी पडू लागली की शरीर चरबी जाळते आणि यकृतात कीटोन तयार होतात. दीर्घ श्रमात किंवा उपवासात निरोगी व्यक्तीतही ते वाढतात. मात्र इन्सुलिन ही वाढ आटोक्यात ठेवते. टाइप-१ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळपास तयारच करत नाही. त्यामुळे शर्करा घसरण्याच्या भीतीने इन्सुलिन पूर्णपणे थांबवल्यास कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होते. ही स्थिती, म्हणजेच कीटोॲसिडोसिस, जिवावर बेतू शकते.

रक्तातील कीटोन ०.६ मिलिमोल प्रतिलिटरपेक्षा कमी असणे सामान्य मानले जाते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमती-निवेदनानुसार, ते १.५ किंवा अधिक असल्यास व्यायाम टाळावा. प्रमाण ३ च्या पुढे गेल्यास तातडीचे उपचार लागतात.

कीटोन किंचित वाढले असून शर्करा कमी असेल, तर बहुधा आहार अपुरा असतो. दोन्ही वाढले असल्यास इन्सुलिन कमी पडत असते. उलट्या, पोटदुखी किंवा धाप ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. इन्सुलिनची मात्रा किती घटवायची, हे प्रस्थानापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घेणे हिताचे.