घाटात पळणारे टक्के
दिल्लीहून मसुरीला इलेक्ट्रिक गाडीने निघालात, की डेहराडूनपर्यंत बॅटरी शहाण्यासारखी वागते. पुढच्या सुमारे 35 किलोमीटरच्या घाटात मात्र आकडा भराभर उतरतो. का? डेहराडून साधारण 650 मीटर उंचीवर, मसुरी 2000 मीटरवर. पावणेदोन टनांची गाडी नुसती एवढी वर उचलायलाच सहाएक युनिट वीज लागते. रस्त्याचं घर्षण वेगळंच.

उतरताना चाकं मोटरला फिरवतात, मोटरचं जनित्र होतं, वेग आवरतो आणि खर्चलेल्यातली बरीच वीज बॅटरीत परतते. पेट्रोलच्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात वाया जाते. पण काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतणार कुठे? म्हणून मसुरीच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंगला लावून शंभर टक्के गाठू नका, ऐंशीवर थांबा.